दहा पिल्लांची लस

"दहा पिल्लांसाठी कोण लस घेतं, मावशी?"

औषधाच्या दुकानातला हा प्रश्न सकाळपासून डोक्यातून जात नाहीये. मावशी काहीच बोलली नाही. पदराच्या गाठीतून सोडलेली नोट तशीच तिच्या मुठीत.

मागच्या उन्हाळ्यात मानमोडीने तिचं अख्खं खुराडं रिकामं केलं होतं. हिरवी हगवण, वाकड्या माना, आणि सकाळी डालग्याखाली थंड पडलेल्या कोंबड्या. या रोगावर औषध नाही. वेळेवर लस, एवढंच हातात असतं. सातव्या दिवशी पिल्लाच्या डोळ्यात लासोटा या लसीचा एक थेंब.

पण बाटली येते शंभरेक पक्ष्यांची. बर्फात आणायची, एकदा कालवली की तास-दोन तासांत संपवायची, उरलेली फेकायची. पोल्ट्रीवाल्याला परवडतं. परसातल्या बाईने काय करायचं? तिच्या घरचं मीठ-मिरची, पोरांच्या वह्या याच अंड्यांवर येतात हो!

नव्वद थेंब वाया जातील म्हणून दहा जीव वाऱ्यावर सोडायचे, हे मला अजिबात पटत नाही.

आळीतल्या बायकांनी एकाच वेळी खुडूक कोंबड्या अंड्यांवर उबवायला बसवल्या, तर पिल्लं एकदम निघतील आणि एक बाटली सगळ्यांना पुरेल. तुमच्या गावात कुणी असं करतं का? कसं जमवता?