कॅज्युअल्टीत प्रोब कोणाच्या हातात हवा

समृद्धीवरून किंवा वर्धा रोडवरून अ‍ॅक्सिडेंटचा पेशंट येतो, बीपी ८० च्या खाली, आणि सोबतचे लोक म्हणतात डॉक्टर, लवकर सीटी करून टाका ना, काहून थांबले? पण बीपी पडत असताना पेशंटला सीटीच्या खोलीत न्यायचं म्हणजे रिस्क आहे. म्हणून बेडवरच सोनोग्राफी करतो. मी प्रोब, म्हणजे मशीनचा अंगावर टेकवायचा भाग, उजव्या बरगड्यांवर ठेवतो, लिव्हर आणि किडनी एकमेकींना चिकटलेल्या दिसायला पाहिजेत, मधे काळी पट्टी दिसली की रक्त समजायचं आणि सर्जनला फोन. मग डावीकडे स्प्लीनजवळ (प्लीहेजवळ), खाली ब्लॅडरमागे, हार्टभोवती. याला फास्ट म्हणतात, दोन-चार मिनिटांचं काम आणि तोवर सिस्टर सलाईन लावतच असतात.

फास्ट निगेटिव्ह म्हणून निर्धास्त व्हायचं नाही हां. साधारण २०० मिली जमेपर्यंत रक्त बरेचदा दिसतच नाही, आतड्याची इजा किंवा किडनीमागचं रक्त तर सुटूच शकतं, म्हणून थोड्या वेळानं परत बघायचंच.

मला सगळ्यात जास्त पटलंय ते लंगचं. आजोबा रात्री दम लागून येतात, जुना दमा आहे, हार्टचीही गोळी सुरू आहे, स्टेथोनं दोन्हीकडे नुसती सूंसूं, आता दम्याचं नेब्युलायझर द्यायचं की लॅसिक्स, म्हणजे अंगातलं जास्तीचं पाणी लघवीवाटे काढणारं औषध? छातीवर प्रोब ठेवला आणि दोन्ही बाजूंना टॉर्चच्या झोतासारख्या उभ्या रेषा खालपर्यंत जाताना दिसल्या, बरगड्यांमधल्या एका फटीत तीन किंवा जास्त, तर फुफ्फुसात पाणी असण्याचीच शक्यता जास्त. फ्रान्सच्या लिख्टेनस्टाइन यांनी २००८ मध्ये याची ठरावीक पद्धत, ब्लू प्रोटोकॉल, मांडली. त्याआधी लंग सोनोग्राफीत दिसत नाही असंच बरेच जण धरून चालायचे.

मानेतली सेंट्रल लाईन, म्हणजे मोठ्या व्हेनमध्ये टाकायची नळी, पण सोनोग्राफीत बघूनच टाकावी. प्रोबनं हलकं दाबलं की व्हेन चपटी होते, आर्टरी होत नाही, ठोके देत राहते. सुईचं टोक स्क्रीनवर दिसल्याशिवाय पुढे ढकलायची नाही, हे मी रेसिडेंटना रोज सांगतो.

रेडिओलॉजिस्टची जागा आम्हाला घ्यायची नाहीये, त्यांचा सविस्तर रिपोर्ट लागतोच. आमचा प्रश्न एवढासाच असतो, रक्त आहे की नाही, हार्ट पंप करतंय की नाही, आणि उत्तर आत्ता पाहिजे. १९९४ च्या पीसीपीएनडीटी, म्हणजे गर्भलिंगनिदान बंदीच्या, कायद्यामुळे मशीनची नोंदणी लागते, ते बरोबरच आहे, मुली वाचायलाच पाहिजेत. पण म्हणून मशीन रात्री दुसऱ्या मजल्यावर कुलपात राहू नये. कॅज्युअल्टीच्या नावानं वेगळं मशीन नोंदवा, तिथल्या डॉक्टरांचं रीतसर ट्रेनिंग करा, आणि ते रेड झोनच्या, म्हणजे सगळ्यात सिरियस पेशंटच्या, बेडशेजारी चार्जिंगला लावून ठेवा.