उजव्या अंगाचा बैल

गावातल्या घराघरांतले जुने फोटो स्कॅन करून त्यांतल्या माणसांची नावं लावायचं काम चालू आहे, त्याबद्दलच्या मागच्या नोंदीला चार महिने झाले. आधी आकडा सांगून टाकतो, कारण भेटल्यावर सगळे तोच विचारतात. पाटण तालुक्यातल्या आमच्या गावातली अकरा घरं झाली. ४१२ प्रिंट आणि ६३ निगेटिव्ह स्कॅन झाल्या, त्यातल्या निम्म्यांना नावं लागली. उरलेल्यांत कोण कोण आहे ते अजून ‘बघू, थोरलीला विचारून सांगते’ या टप्प्यावर आहे.

पद्धत तीच ठेवली आहे. मोठ्या प्रिंटला ६०० डीपीआय (म्हणजे इंचाला ६०० ठिपके), आणि रोलच्या निगेटिव्हएवढ्याच काढलेल्या सहा बाय सहा सेंटीमीटरच्या चिमुकल्या प्रिंटना १२००. फोटो कृष्णधवल असला तरी स्कॅन रंगीतच करतो. पिवळेपणा, शाईचा डाग, पाठीमागून उमटलेली पेन्सिल हे सगळं त्यात राहतं. मूळ फाइल टिफ, घरच्यांना द्यायला जेपेग. आणि फोटो घराबाहेर न्यायचा नाही, हा नियम अजून एकदाही मोडलेला नाही. स्कॅनर आणि लॅपटॉप मीच डोक्यावर घेऊन जातो. लाईट गेली की चहा.

मे महिन्यात मात्र एक चूक केली. ती लिहितो, म्हणजे दुसऱ्या कुणाच्या हातून होणार नाही.

आक्कांच्या सोप्यात दारावर ओळीनं फ्रेमा आहेत. आमच्याकडं पाऊस कसा असतो ते तुम्हाला माहीत आहे; भिंतीला ओल येते ती दिवाळीलाच सुकते. अशा फ्रेमेत फोटो थेट काचेला टेकलेला असतो. ओलीनं वरचं जिलेटिन मऊ होतं, काचेला धरतं आणि उन्हाळ्यात तिथंच वाळतं. फोटो आणि काच एक होऊन जातात. हे सगळं मला वाचून माहीत होतं. तरीही आक्कांच्या सासऱ्यांच्या फोटोचा एक कोपरा सुटलेला दिसला आणि मोह आवरला नाही. पातळ प्लॅस्टिकची पट्टी सरकवली, दोन बोटं आत गेली, आणि एक बारीक ‘टर्र’ असा आवाज आला. नखाएवढा तुकडा काचेवरच राहिला. फोटोत फेट्याखाली नुसता पांढरा कागद.

मला तोंड वर करवेना. आक्कांनी फ्रेम हातात घेतली, पदरानं काच पुसली आणि म्हणाल्या, “कान गेला व्हय? ऱ्हाऊ दे. तसंबी त्यास्नी कमीच ऐकू यायचं.”

काच मी तशीच पिशवीत घालून फोटोच्या मागं ठेवली आहे, कान तिच्यावर आहे. त्या दिवसापासून चिकटलेला फोटो सोडवायचा नाही, काचेसकट टिपायचा. फ्लॅटबेड, म्हणजे सपाट काचेचा स्कॅनर, सीसीडी जातीचा (आत भिंग असलेला) असेल तर काचेतूनही बऱ्यापैकी धार मिळते. पातळ, हलके, यूएसबीवर चालणारे सीआयएस स्कॅनर इथं निकामी, त्यांना कागद काचेला टेकलेलाच लागतो. माझा सीआयएस आहे. त्यामुळं अशा फ्रेमांना कॅमेरा, दोन्ही बाजूंना ४५ अंशांवर दिवे आणि कॅमेऱ्यापुढं काळं कापड, म्हणजे काचेत आपलंच थोबाड दिसत नाही. कापड म्हणून बायकोची काळी चंद्रकळा नेली होती. ती परत कपाटात गेली आहे, याची नोंद असावी.

आता ज्या फोटोसाठी ही नोंद लिहायला घेतली, त्याकडं येतो.

जूनमध्ये आबांच्या माळ्यावरच्या ट्रंकेत बिस्किटाचा पत्र्याचा डबा निघाला. त्यात डांबरगोळ्यांचा चुरा, एक मोडकी नथ आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या १२० रोलच्या (जुन्या कॅमेऱ्यांतल्या रुंद फिल्मच्या) निगेटिव्हच्या पट्ट्या. आधी वास घेतला. आंबूस, व्हिनेगरसारखा वास आला तर फिल्मचा ॲसिटेट (तिचा प्लॅस्टिकसारखा पाया) कुजायला लागला आहे असं समजायचं आणि ती पट्टी बाकीच्यांपासून लांब ठेवायची, कारण ती वाफ शेजारच्या पट्ट्यांनाही बाधते. दोन पट्ट्या तशा निघाल्या, त्या वेगळ्या केल्या. बाकीच्या उत्तम. निगेटिव्हसाठी मित्राचा ट्रेवाला स्कॅनर आणला आणि पहिल्या पट्टीतली मधली फ्रेम पडद्यावर उलगडली.

बेंदूर! शिंगं रंगवलेली, पाठीवर झुली, कपाळावर बाशिंगं, खिलारी बैलांची जोडी. मागं कौलारू घर, दारात पाचसहा माणसं. एका मुंडासेवाल्यानं कासरा धरलाय. एक बाई हातात ताट घेऊन, अर्धा चेहरा पदरात. तिच्या पायाशी उघडं पोर बसलंय. नेहमीसारखं विचारायला सुरुवात केली, हे कोण, ते कोण. आबा (वय ऐंशीच्या आसपास, मोतीबिंदू काढलेला) पडद्याला नाक लावून बसले. माणसांकडं त्यांचं लक्षच नव्हतं.

“हे खोटं हाय,” म्हणाले.

“काय खोटं, आबा?”

“आरं, ह्यो सर्जा. सर्जा उजव्या अंगाचा बैल. डावीकडं कसा हुबा केलाय? डावीकडं जुपला तर त्यो जागचा हलायचा न्हाय.”

मी समजावायला लागलो. सणाचा दिवस, फोटोसाठी कुणीतरी कसाही उभा केला असेल. आबा ऐकेनात. सणालासुद्धा जोडी ज्या त्या अंगालाच धरतात, बाकीचं तुम्हा पुण्याच्या लोकांना काय कळणार, वगैरे. शेवटी त्यांचं समाधान व्हावं म्हणून पट्टी ट्रेमधून काढली आणि खिडकीच्या उजेडात धरली. फिल्मची एक बाजू चकचकीत असते आणि इमल्शनची, म्हणजे चित्राचा थर असलेली, बाजू मंद. मी ती उलटी घातली होती. अख्खा फोटो आरशातल्यासारखा आला होता. सर्जा आपल्या जागी होता, मीच चुकीच्या बाजूला होतो.

हे आधीच लक्षात यायला हवं होतं, कारण फिल्मच्या कडेला अक्षरं असतात आणि ती उलटी दिसली की उलगडा होतो. पण ट्रेची चौकट नेमकी तीच कड झाकते. आता मी प्रत्येक पट्टी आधी उजेडावर धरून मोबाइलनं कडेसकट टिपतो, मगच ट्रेत घालतो.

त्या कडेनं आणखी एक गोष्ट सांगितली. अक्षरं सरळ केल्यावर वाचली: ओ, आर, डब्ल्यू, ओ. आपल्यातल्या जुन्या लोकांना ओर्वो फिल्म सांगायला नको. पूर्व जर्मनीतल्या वोल्फेनच्या कारखान्याची ही फिल्म, आणि ते नाव घेतलं गेलं १९६४ साली. त्याआधी तिथला माल आग्फा म्हणूनच यायचा. आबांचं म्हणणं होतं, फोटो साठ सालचा, त्यांच्या लग्नाच्या आधीचा. म्हणजे आबा बैलाच्या बाबतीत बरोबर आणि सालाच्या बाबतीत चूक. हे मी त्यांना सांगितलं नाही.

खालची हद्द लागली, वरची घरानं दिली. मागं दिसतं ते कौलारू घर ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे, कोयनेच्या भूकंपात पडलं. आज तिथं जे आहे ते नंतरचं, पत्र्याचं. यावर गावात कुणाचंच दुमत नाही. आमच्याकडं सगळ्या आठवणी भूकंपाच्या अलीकडच्या किंवा पलीकडच्या असतात. बेंदूर आषाढातला. म्हणजे १९६४ ते १९६७ असे चार बेंदूर शिल्लक राहिले.

मग ते उघडं पोर. ते आता गावातले निवृत्त कंडक्टर आहेत. दाखला मागवला, त्यावर जन्मतारीख १ जून. त्या पिढीतलं निम्मं गाव १ जूनला जन्मलेलं आहे, शाळेत नाव घालताना मास्तरांनी टाकलेली तारीख. तेव्हा दाखला बाजूला ठेवला आणि आक्कांना विचारलं, कारण ताटवाली बाई त्यांची जाऊ. आक्का म्हणाल्या, भूकंपाच्या रात्री जावेनं पोराला कडेवर मारून बाहेर पळ काढला. तवा ते दुडूदुडू पळायचं, पण अंगावरचं दूध तुटलं नव्हतं. म्हणजे वय दोनच्या आतबाहेर. फोटोत ते नुसतं बसतंय, तेही एक हात जमिनीला टेकून. आठनऊ महिन्यांचं धरा. १९६६. पेन्सिलीनं लिहिलंय, शाईनं नाही.

बाकी किरकोळ. मुंबईहून आलेल्या स्टुडिओच्या फोटोंचा मोठा गठ्ठा झाला आहे. आमच्या भागातले पुरुष गिरण्यांत होते. लालबाग-परळच्या बाजूला फोटो काढून गावाकडं धाडायचे. मागं रंगवलेला जिना, कुंडी, हातात दुसऱ्याचं घड्याळ. एकाच पडद्यापुढं आमच्या गावातले सात जण उभे आहेत, वेगवेगळ्या वर्षांतले, आणि जिन्याच्या तिसऱ्या पायरीवरचा पोपडा फोटोगणिक वाढत गेलाय. त्यावरून त्यांचा क्रम लावायचा खेळ पावसाळ्यासाठी राखून ठेवलाय. दोन पोस्टकार्डांच्या पाठीवर मोडी आहे. एकातलं ‘सप्रेम नमस्कार’ लागलं, पुढं गाडी अडली.

एका घरात म्हातारीचा फोटो आहे, तिचे डोळे जरा जास्तच टक्क. घरच्यांनीच सांगितलं: जिवंतपणी एकही फोटो नव्हता, मयत झाल्यावर बसवून काढला, डोळे नंतर पेंटरनं उघडले. असे आणखी दोन निघाले. ते स्कॅन करताना यादीत काय लिहायचं हे घरच्यांनाच विचारतो, आपल्या मनानं काही लिहीत नाही.

आबांनी बेंदराच्या फोटोची प्रिंट मागितली आहे, आठ बाय दहा. मी विचारलं, सगळा फोटो काढू की जोडीच मोठी करू? म्हणाले, “बैल पुरं आलं पायजेत. माणसं कापली तरी चालंल.” कासरा धरलेला त्यांचा थोरला भाऊ आहे, हे त्यांना माहीत आहे, नाव त्यांनीच लिहून दिलं.

पुढच्या आठवड्यात पुण्याला गेलो की मॅट कागदावर काढून फ्रेम करून आणतो. काच आणि फोटो यांच्यामध्ये जाड पुठ्ठ्याचं माउंट घालायला सांगणार आहे. सर्जा उजवीकडं.