सोर्स एकीकडे, बिल्ड दुसरीकडे

पुणे, बुधवार रात्र

'लिनक्स फ्रॉम स्क्रॅच' (एलएफएस), म्हणजे सोर्स कोडपासून स्वतः लिनक्स सिस्टिम उभी करणं, चालू आहे. उद्या गुरुवार. दुरुस्तीसाठी लाइट जाणार हे धरून जीसीसी या कंपायलरचं बिल्ड आज लावायचं नाही, नुसत्या डिरेक्टऱ्या मांडून ठेवायच्या.

आधी 'एलएफएस' व्हेरिएबल एको करून, म्हणजे स्क्रीनवर छापून, बघायचा. नव्या पार्टिशनचा माउंट पॉइंट, म्हणजे ते जिथे जोडलंय तो पत्ता, त्यात असतो. रीबूट झालं की तो रिकामा होतो, युजर बदलतानाही होऊ शकतो. तशात रूट म्हणून, म्हणजे सर्वाधिकारी युजर होऊन, डिरेक्टरी बनवायची कमांड दिली, तर ती थेट चालू सिस्टिमच्या मुळाशी जाऊन बसते. एररसुद्धा येत नाही, हेच भयंकर.

मग पार्टिशनवर 'सोर्सेस' आणि 'टूल्स'. सोर्सेसला सगळ्यांना राइट परवानगी आणि वर स्टिकी बिट, म्हणजे एकाची फाइल दुसऱ्याला उडवता येत नाही. पार्टिशनला 10 जीबीत जेमतेम भागतं, 30 ठेवावेत. पेन ड्राइव्हच्या एक्सफॅट फाइल सिस्टिमवर सोर्स उघडू नये: सिमलिंक (दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणाऱ्या फायली) टिकत नाहीत, आणि कर्नलमध्ये फक्त कॅपिटल-स्मॉलचा फरक असलेल्या फायली आहेत, त्या एकमेकींवर चढतात. डिरेक्टरीच्या नावात स्पेस नको, बिल्डची तयारी करणारं 'कॉन्फिगर' स्क्रिप्ट तिथेच अडतं.

टारबॉल (सोर्सची गाठोडं-फाइल) सोडला की आत 'बिल्ड' डिरेक्टरी करायची, तिच्यात शिरायचं आणि कॉन्फिगर वरच्या डिरेक्टरीतून चालवायचं. ग्लिबसी ही सी लायब्ररी तर सोर्समध्येच कॉन्फिगर करायला सरळ नकार देते. बिनयुटिल्स (लिंकर वगैरे टूल्स) आणि जीसीसीलाही वेगळीच जागा द्यावी.

याची खरी किंमत लाइट गेल्यावर कळते. बिल्ड चालवणारं 'मेक' काय करायचं राहिलंय ते ठरवताना फक्त फायलींची वेळ बघतं. लाइट जाताना लिहिली जात असलेली ऑब्जेक्ट फाइल (सोर्स कंपाइल होऊन बनलेली) शून्य बाइटची राहू शकते, पण तिची वेळ सोर्सपेक्षा नवी, म्हणून मेक तिला झालेली समजतं. पुढे तासाभराने या फायली जोडणारा लिंकर 'फाइल नॉट रेकग्नाइज्ड' म्हणतो आणि आपण भलतीकडेच शोधत बसतो. अशा वेळी दुरुस्तीच्या नादी लागू नये. उघडलेलं सगळं उडवावं, टारबॉल पुन्हा सोडावा, 'बिल्ड' डिरेक्टरी पुन्हा करावी.

जुन्या मशीनचा घड्याळ चालवणारा सीआर 2032 सेल संपला असेल तर घड्याळ मागे जातं आणि मेक 'क्लॉक स्क्यू'ची (घड्याळ आणि फायलींच्या वेळा जुळत नसल्याची) वॉर्निंग देतं. तिच्याकडे दुर्लक्ष करू नये. तपकीर गल्लीत, पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, सेल सहज मिळतो.

उद्या लाइट आली की पहिलं घड्याळ, मग व्हेरिएबल, मग जीसीसी.