तुम्ही विचारलंत म्हणून: कुजक्या लाकडातच काय ठेवलंय?

लग्नाकार्यात, ट्रेनमध्ये, घरी, सगळीकडे हेच विचारतात, "बेकरीत यीस्ट मिळतं की, तू जंगलात कुजकी लाकडं काय उकरतेस?" तर एकदाच नीट लिहिते. बेकरीचं यीस्ट झायलोज नावाची साखर आंबवत नाही, आणि उसाच्या चिपाडातल्या हेमिसेल्युलोजमधून (सेल्युलोजसोबत असणारा तंतुमय भाग) मुख्यतः तीच साखर सुटते; ती आंबवली तर इंधनाचं इथेनॉल होऊ शकतं. ती आंबवणारी यीस्ट मोजकी, आणि ती बहुतेक मिळतात कुजक्या लाकडात नाहीतर ते पोखरणाऱ्या भुंगेऱ्यांच्या आतड्यात. स्पाथास्पोरा पॅसॅलिडारम हे असंच एक यीस्ट, २००६ साली जाहीर झालेलं, भुंगेऱ्याच्या आतड्यातूनच आलं. त्याची भावंडं मग ब्राझीलमध्ये कुजक्या लाकडातच सापडली. आपल्या घाटात का नसावीत?

मला एक मिळालं. ताम्हिणीकडे एक पडलेला ओंडका होता, आतलं लाकूड चहात बुडवलेल्या बिस्किटासारखं हाताला येत होतं. त्याचा चुरा झायलोज आणि क्लोरॅम्फेनिकॉल (बॅक्टेरिया रोखणारं अँटिबायोटिक) घातलेल्या मीडियात टाकला, प्लेटवर क्रीम रंगाची कॉलनी आली, ती झायलोजमध्ये वाढवली तर डरहॅम ट्यूबमध्ये, म्हणजे आंबताना सुटणारा वायू पकडणाऱ्या उलट्या छोट्या नळीत, हळूहळू बुडबुडा धरला. यीस्टच्या प्रजाती ओळखायला वापरतात तो २६एस जीनचा डी१/डी२ भाग सिक्वेन्स केला तर सगळ्यात जवळच्या प्रजातीशीसुद्धा १ टक्क्याहून जास्त फरक, म्हणजे बहुतेक नवीन प्रजाती. मी नावसुद्धा ठरवलं होतं.

जर्नलला पाठवलेला पेपर परत आला. स्ट्रेन (म्हणजे वेगळा मिळवलेला नमुना) एकच, अजून आणा, असं म्हणाले. पुढच्या पावसाळ्यात गेले तर ओंडकाच नाही, वाटेत येतो म्हणून कुणीतरी तोडून नेलेला, खाली नुसता भुसा आणि चिखल. तो भुसाही पिशवीत भरला, आजूबाजूची लाकडं खरवडली, यीस्ट पुष्कळ आली, झायलोज खाऊन वाढणारीही आली, पण ते नाही आलं. एका स्ट्रेनवर जाहीर झालेल्या प्रजाती कितीतरी आहेत, मग मलाच का अडवलं, हा राग अजून आहे. आणि एका स्ट्रेनवरून प्रजातीतलं वैविध्य काय कळणार, हेही पटतं मला, काय करू.

आधी मी सगळ्यांना इंधनाचं सांगायचे. आता तसं सांगवत नाही, कारण माझं यीस्ट इथेनॉल थोडंच करतं, जास्त झायलिटॉलवरच, म्हणजे झायलोज आणि इथेनॉलच्या मधल्या पायरीवरच, अडकतं. झायलोज मोडणारं पहिलं एन्झाइम एनएडीपीएच नावाचा मदतनीस रेणू वापरतं, दुसऱ्याला एनएडी हा वेगळाच लागतो, हिशेब जुळत नाही. मग हवंय कशाला? हवंय. इंधन होवो न होवो, ते तिथे होतं आणि त्याला नाव नाही, हे मला सहन होत नाही.

ते यीस्ट उणे ८० अंशांच्या फ्रीझरमध्ये ग्लिसरॉलमध्ये ठेवलंय. एकाच स्ट्रेनवर पेपर पुन्हा पाठवावा असं मी म्हणते, माझे संशोधनाचे गाईड म्हणतात थांब. परवानगी आली की त्याच उतारावर परत जाणार आहे.