चार बोटांचे गोपुर, आठ फुटांची जाळी

धारवाडच्या मावशीने मला कसुती हे तिकडचे पारंपरिक भरतकाम शिकवले तेव्हा भरलेले कापड हातात घेतल्याबरोबर ती आधी ते उलटे करून पाहत असे. कसुती धागे मोजून भरतात, कापडावर नक्षी छापून घेत नाहीत आणि दोऱ्याला गाठ मारत नाहीत. तिच्यातील गावंती या टाक्याच्या नावामागे कन्नडमधला गाठ या अर्थाचाच शब्द असल्याचे सांगतात, याची मला आजही गंमत वाटते.

मुंबईत मार्च २०२३ मध्ये गेटवे ऑफ इंडियासमोर डिओर या फ्रेंच फॅशन कंपनीच्या शोसाठी चाणक्य या मुंबईतल्या भरतकाम संस्थेच्या कारागिरांनी भरलेले प्रचंड तोरण मी छायाचित्रांत पाहिले आणि कसुतीचे काम एवढे मोठे करायचे तर ते भिंतीला लावताच येणार नाही, हे मनात पक्के झाले. ते मधोमध टांगले पाहिजे आणि दोन्ही बाजूंनी सारखे दिसले पाहिजे. मावशीच्या जुन्या इरकली लुगड्याच्या पदरावरचे गोपुर, म्हणजे देवळाच्या प्रवेशद्वारावरच्या शिखराची नक्षी, मी त्यासाठी निवडले. ते चार बोटे रुंद असून रुंदीत बरोबर ४८ टाके होते. एक इंची घरांच्या लोखंडी जाळीवर दोन घरांचा एक टाका धरला, तर त्याची रुंदी ९६ इंच, म्हणजे आठ फूट होत होती. मेंथीचा फुलीसारखा टाका मागून वेगळा दिसतो, म्हणून तो वगळला. सरळ रेषेची गावंती आणि जिन्याच्या पायऱ्यांसारखी चढणारी मुरगी एवढे दोनच टाके ठेवले.

गावंतीत जाताना धावदोरा घालतात आणि त्याच वाटेने परतताना मधल्या मोकळ्या जागा भरतात. वाटेत फुटणारा प्रत्येक फाटा टोकापर्यंत भरून, परत मूळ रेषेवर येऊन मगच पुढे सरकायचे असते. कापडावर हे एकटीला जमते. जाळी उभी केल्यावर मात्र एका बाजूला मी आणि दुसऱ्या बाजूला माझी मैत्रीण असे उभे राहावे लागले. चिकटपट्टीने टोक आवळलेला सुती दोर मी घरातून पलीकडे सारायचा, तिने दोन घरे सोडून तो माझ्याकडे परत द्यायचा. "दोन घरं, वर" आणि "दोन घरं, तुझ्या डावीकडे" असे सांगताना माझे डावे ते तिचे उजवे, हे पहिल्या दिवशी दोघींच्याही लक्षात राहिले नाही.

त्याहून मोठी चूक परतीच्या वाटेवर उघडकीस आली. शिखराच्या उजव्या अंगाला मोकळ्या जागा टाक्यांशी जुळेनात. मी दोनदा मोजले, मैत्रिणीने पलीकडून मोजले, तरी एक घर जास्तच भरत होते. जाळी चार फुटी पन्ह्याची असल्याने आम्ही दोन तुकडे शेजारी जोडले होते आणि सांध्यावर चिकटून आलेल्या दोन तारांच्या मधली फट आम्ही एक घर म्हणून मोजली होती. उजवीकडचा सगळा भाग उसवण्यात तीन दिवस गेले. कापडावर असा सांधा येतच नाही, त्यामुळे मावशीच्या शिकवणीत याचा इलाज नव्हता. शेवटी मी सांध्याच्या तारांना लाल लोकर गुंडाळून ती एकच रेघ मानायची, असे ठरवले.

गाठ न मारता दोर जोडणे हे सर्वांत किचकट होते. एका वेळी चार वावांपेक्षा लांब दोर ओढता येत नव्हता, म्हणून संपणारे आणि नवे अशी दोन्ही टोके पीळ सोडून एकमेकांत वळायची आणि तो वळलेला भाग टाका जिथे जाळीतून पलीकडे जातो तिथे येईल असा बेताने सरकवायचा, असे आम्ही केले. हे बारा ठिकाणी करावे लागले.

काम टांगल्यावर मावशी पाहायला आली. दोर कुठे जोडला आहे, एवढेच तिने विचारले. मी आठवून आठवून अकरा जागा दाखवल्या. बारावी तिने मुरगीच्या जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर बोट ठेवून दाखवली आणि तिथला पीळ पुन्हा नीट वळायला लावला.