पाळीतलं दुखणं आणि आपण

कॉलेजला असताना पाळीच्या पहिल्या दिवशी मी पोटाशी उशी धरून नुसती पडून असायचे, आणि कोणीतरी म्हणायचंच, "सगळ्यांनाच होतं गं, सहन कर." मला या वाक्याचा अजून राग येतो. दुखतं ते खरंच दुखतं. गर्भाशयाच्या आतल्या थरातून प्रोस्टाग्लॅंडिन नावाचं रसायन सुटतं, त्याने तिथले स्नायू जोरात आवळले जातात, रक्तपुरवठा कमी पडतो आणि मग कळा येतात, कधी मळमळ आणि जुलाबपण, साधारण 2-3 दिवस.

मला सगळ्यात जास्त फरक व्यायामाने पडला, पण तो फक्त पाळीत नाही, महिनाभर करायचा. आठवड्यातून 3 वेळा 45 ते 60 मिनिटं, भरभर चालणं, योगा, स्ट्रेचिंग, जे झेपेल ते, आणि 2-3 महिने तरी नेटाने करा, त्याआधीच "काही फरक पडत नाही" म्हणू नका. दुखत असताना मी फक्त हळूहळू चालते आणि ओटीपोटावर गरम पिशवी ठेवते, तिचा खूप आधार वाटतो.

खाण्याचं म्हणाल तर जवस, अक्रोड, मासे, पालेभाज्या, भरपूर पाणी, आणि उपाशी राहू नका प्लीज. रक्तस्राव जास्त असेल तर हिमोग्लोबिन तपासा.

आणि हो, दुखणं दर महिन्याला वाढत असेल, पाळी नसतानाही दुखत असेल किंवा दुखण्यावरची गोळी घेऊनही कॉलेज बुडत असेल तर डॉक्टरकडे जाच, एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या आतल्या थरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढण्याचा आजार) तरुण मुलींनाही होतो.