बोथट ड्रिलचा डबा

भोसरी एमआयडीसीत आमचं छोटं मशीन शॉप आहे. टूलची खरेदी मीच बघतो. पूर्वी पद्धत सोपी होती: दोन-तीन डीलरांकडून कोटेशन घ्यायचं, नगामागे जो कमी भाव देईल त्याला ऑर्डर. बोथट झालेले कार्बाइडचे ड्रिल आणि इन्सर्ट (टूलच्या टोकाला बसवायची सुटी पाती) मशीनजवळच्या डब्यात टाकायचे आणि दिवाळीच्या साफसफाईत तो डबा लोखंडाच्या भंगाराबरोबर विकून टाकायचा.

फेब्रुवारी २०२५ मध्ये चीनने टंगस्टनच्या निर्यातीवर परवान्याचं बंधन घातलं. कार्बाइड म्हणजे मुख्यतः टंगस्टनच, आणि जगातल्या खाणींतून निघणाऱ्या टंगस्टनपैकी सुमारे ८० टक्के एकट्या चीनमधून येतं. राजस्थानातली डेगाण्याची खाण कधीच बंद पडली आहे. डीलर जेव्हा नवे दर घेऊन आला, तेव्हा तो डबा मी पहिल्यांदा नीट उपसून बघितला.

पहिलं काम वेगळं काढण्याचं. मला वाटलं, लोहचुंबक लावला की झालं. पण कार्बाइडच्या कणांना धरून ठेवणारा कोबाल्टही चुंबकाला ओढला जातो, त्यामुळे सगळंच चिकटलं! शेवटी हातात तोलून निवडलं. त्याच मापाचा कार्बाइडचा ड्रिल हायस्पीड स्टीलच्या जवळजवळ दुप्पट जड लागतो. ब्रेझिंग केलेली, म्हणजे दांडीवर कार्बाइडचा तुकडा डाखलेली टूल वेगळी ठेवली, कारण त्यांची दांडी पोलादाची असते आणि भाव पडतो. इन्सर्ट किलोवर घेणारा माणूस मिळाला. त्याने सांगितलेला दर ऐकून मी गेल्या सगळ्या दिवाळ्यांचा हिशेब करायचं टाळलं.

खरी बचत मात्र भंगारात नव्हती, ती होती ड्रिलला पुन्हा धार लावण्यात. इथेच आम्ही आपटलो. पहिली खेप कमी दर सांगणाऱ्याकडे पाठवली. त्याने १४० अंशांचा पॉइंट, म्हणजे टोकाचा कोन, ११८ करून दिला आणि वर झीज रोखणारं कोटिंगही केलं नाही. भोकं मापापेक्षा मोठी पडली, एक ट्रे रिजेक्ट झाला. आमचे मामा, म्हणजे शॉपमधले सगळ्यात जुने ऑपरेटर, ड्रिल टेबलावर ठेवून म्हणाले, "साहेब, उष्टं टूल मला नको." चूक त्यांची नव्हती. मी तिथेही नगामागचा भावच बघितला होता.

दुसऱ्या वेळी ऑर्डरसोबत टूलचं ड्रॉइंग जोडलं. पॉइंट अँगल, एज प्रिपरेशन (धारेची कड कशी ठेवायची ते), कोटिंग सगळं लिहून दिलं आणि प्रत्येक ड्रिलचा तपासणी रिपोर्ट मागितला. माल जॉब वर्कच्या, म्हणजे बाहेरून काम करून आणायच्या, चलनावर गेला. कच्च्या मालाला एका वर्षात परत यायची जी अट जीएसटीत आहे, ती टूलना लागू नाही, हे आमच्या अकाउंटंटकडून कळलं तेव्हा अर्धी धास्ती गेली. धार लावली की ड्रिलची लांबी कमी होते, म्हणून मशीनवर ऑफसेट, म्हणजे टूलच्या लांबीचं माप, नव्याने घ्यावा लागतो. कितव्यांदा धार लागली ते कळावं म्हणून मामांनीच दांडीवर रंगाच्या रेघा मारायची युक्ती काढली.

मग एक वही घातली. कोणत्या ड्रिलने किती भोकं पाडली, एवढंच त्यात. महिनाभरात दिसलं की सगळ्यात स्वस्त ड्रिल भोकामागे सगळ्यात महाग पडत होता, कारण त्याला दुसऱ्यांदा धार लावण्यासारखं काही उरतच नव्हतं. आता डीलरला दोन प्रश्न आधी विचारतो: हा किती वेळा धारेला जाईल, आणि संपल्यावर परत घ्याल का? एकाने त्यावर ऑर्डरचा नाद सोडला, दुसऱ्याने संपलेल्या टूलसाठी डबाच आणून ठेवला.

तीन मिलिमीटरच्या खालच्या ड्रिलचं मात्र अजून जमलेलं नाही. धारेचा खर्च नव्याच्या किमतीला भिडतो. ते वापरून थेट किलोच्या डब्यात जातात.